घराला ऐकू जातं

सर्व संबंधितांस, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून काही आहे अशा तमाम नागरिकांस, अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, बुलढाणा जिल्ह्यातील घरांना ऐकू जाते. विटांच्या घरांना जाते, मातीच्या घरांना जाते, पत्र्याच्या घरांना तर शेजारच्या घरातलेही जाते. सदर घरे जे ऐकतील त्याला मनातल्या मनात ‘तथास्तु’ म्हणतात आणि मग ते होते. चांगल्या बोलण्याकडे घराचे बऱ्याचदा दुर्लक्ष होते. वाईट बोलणे मात्र एकदाही सुटत नाही. तरी प्रत्येकाने घरात शिरताना चपला बाहेर आणि जीभ दाताखाली ठेवावी. मागाहून आलेल्या तक्रारींचा विचार केला जाणार नाही.

हसलात? हसा. मीही हसले होते. मान मागे टाकून, बांगड्या वाजवत, चांगली पोटभर हसले होते. पण मी कुठे उभी राहून हसले ते आधी ऐका.

मी गावोगावच्या आशाताईंना शिकवते. आशाताई ही गावातलीच कोणाची तरी सून असते. कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ दूध ओढत नाही, कोणाला दवाखान्यात न्यायला हवं, यावर डोळा ठेवणं हे तिचं काम. शिकवायला लागण्याआधी मी बरीच वर्षं नर्स होते, आणि त्याच्याही आधी शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षसिणींची कामं करायचे. नर्स म्हणून मिळालेली अक्कल आणि राक्षसीण म्हणून मिळालेला आवाज, एवढ्या भांडवलावर माझा वर्ग चालतो.

त्या वर्षी मोताळ्याकडच्या गावांत नव्या आशाताई नेमल्या होत्या. त्यांचा वर्ग एका ग्रामपंचायतीच्या नव्याकोऱ्या सभागृहात भरला. गुळगुळीत फरशी, गरगर फिरणारे पंखे, भिंतीला अजून रंगाचा वास. विषय होता गरोदरपणातली धोक्याची लक्षणं. मी खडू उचलला आणि दणक्यात विचारलं, “सांगा, पोटुशी बाईला काय काय झालं तर तुम्ही तिला घेऊन पळत सुटाल?”

सगळ्या जणी वर, छताकडे बघायला लागल्या. पाल असेल म्हणून मीही बघितलं. छत स्वच्छ होतं.

“अगं, बोला ना!”

शेवटी मागच्या रांगेतली एक उंच, सावळी बाई उठली. तिची उंची एवढी की ती उठली की पंखा बंद करावा असं वाटायचं. या गोष्टीत ती पुढे बरीच येणार आहे, तेव्हा तिला आपण उंच ताई म्हणू.

“मॅडम, इथं नोको.”

“काऊन?”

“इथं वास्तू हाय.”

“ही ग्रामपंचायत आहे गं बाई. इथे कोणी राहत नाही. इथे फक्त सभा होतात, आणि त्याही होत नाहीत.”

“हाव, पण सरपंचानं वास्तुशांत केली. मी जेवाले व्हती.”

“बुंदी व्हती,” दुसरी म्हणाली.

“कडक व्हती,” तिसरी म्हणाली.

“म्हणजे या छपराखाली रक्त, झटके असलं काही बोलायचंच नाही?”

सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. पुढच्या रांगेतल्या एकीने तर जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. उंच ताई मला समजावत म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण नोका बोलू. तुमच्याही घरी लेकीसुना असतीन.”

तेव्हा मी हसले. आणि माझं हसणं त्या नव्याकोऱ्या सभागृहात घुमून परत आलं, थोडं उशिराने, जसं कोणी दुसरंच हसत असावं तसं. मी खडू ठेवला.

सभागृहामागे एक कडुलिंब होता. वर्ग तिथे हलवायचा ठरला, आणि मग घराची हद्द कुठे संपते यावर बायांमध्ये जोरदार चर्चा झाली. कोणी म्हणे उंबऱ्यापाशी, कोणी म्हणे कुंपणापाशी. निकाल उंच ताईने दिला. “पागोळी पडते तिथवर घर आयकते. त्याच्या भाईर बहिरं.” म्हणजे पावसात छपराचं पाणी ज्या रेषेवर ठिबकतं, तिथे घराचे कान संपतात. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. अहो, सरकारी हद्दीसुद्धा इतक्या स्पष्ट नसतात.

आणि पागोळीची रेघ ओलांडल्यावर त्या बाया काय सुटल्या! घरात ज्यांच्या तोंडातून ‘ताप’ निघत नव्हता त्या कडुलिंबाखाली ओरडून ओरडून सांगत होत्या. अंगावरून रक्त जाणं! तोंडावर सूज! डोकं ठणकणं! डोळ्यांपुढं अंधारी! झटके! जशी काही वर्षानुवर्षं दाबून धरलेली भांडणं एकदाची मोकळी झाली. रस्त्याने जाणारा एक म्हातारा बैलगाडी थांबवून ऐकत राहिला आणि मग बैलांना चाबूक न मारताच पळवत निघून गेला.

तिथूनच आमची नवी पद्धत सुरू झाली. आशाताई घरी जायच्या, चहा घ्यायच्या, सासूबाईंची कंबर कशी आहे ते विचारायच्या, आणि मग गरोदर बाईला म्हणायच्या, “चाल ना माय, गोठ्यात वासरू दाखव.” गोठ्यात, हापशीवर, वखराच्या मागे, कुठेही, फक्त पागोळीच्या बाहेर, सगळे प्रश्न विचारून व्हायचे. आणि गंमत अशी की पद्धत झकास चालली. सासूच्या कानाआड पोरी खरं सांगायच्या. मी जिथे जाईन तिथे ही हकिकत साभिनय सांगू लागले.

फक्त एका वर्गात उंच ताईने एक प्रश्न विचारला होता. “आन जिले घराभाईर येताच नाही आलं तर?”

“तिले खिडकीतून काढू!” कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या. उंच ताई हसली नाही. ती तिच्याच आळीतल्या एका घराचा विचार करत होती.

ते घर गावातलं चांगलं खातंपितं घर. कपाशीची शेती, दारात जीप, आत मोठा टीव्ही. घरात तीनच माणसं. सासूबाई, त्यांचा मुलगा आणि पहिलटकरीण सून. सासूबाईंना सारी आळी मोठी आई म्हणायची. त्यांच्या घरात वाईट बोलायला बंदी होती, आणि ती इतकी कडक की मालिकेत कोणी आजारी पडलं तरी त्या टीव्हीचा आवाज बंद करायच्या आणि माणूस बरा झाला की सुरू करायच्या. पावसाला ‘येत नाही’ म्हणायचं नाही. पीठ ‘संपलं’ म्हणायचं नाही. आळीतली पोरं त्यांच्या दारापुढून जाताना तोंडावर हात ठेवून जायची, आणि मग पुढे जाऊन फिदीफिदी हसायची.

पण त्या बंदीला कारण होतं. या घरात आधी एक मोठी सून होती. ती पोटुशी असताना एकदा जेवता जेवता म्हणाली होती, “मले वाटते हे लेकरू माया हाती लागत नाही.” लागलं नाही. त्यानंतर तीही त्या घरात राहिली नाही, थोरला मुलगा तिला घेऊन पुण्याकडे गेला तो गेलाच. मोठ्या आईला वाटायचं, त्या दिवशी भाकरीचा घास हातात होता तेव्हाच तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पुढे एका नर्सबाईने धाकट्या सुनेला घरातच विचारलं, “अंगावरून जातं का?” तर मोठ्या आईने तिच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली आणि दार लावलं. ते दार त्या नर्सबाईला पुन्हा उघडलं नाही.

उंच ताई मात्र त्या घराची लाडकी होती. ती सुनेला गोठ्यात न्यायची. सगळं ठीक होतं. मागच्या महिन्यात दवाखान्यात रक्तदाबही ठीक निघाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. भाऊबीजेला भाऊ येणार आणि तिला घेऊन जाणार, एवढंच उरलं होतं.

आणि त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं.

मी माहेरी, मोताळ्याला होते. ग्रहणाचे वेध पहाटेपासून लागलेले. घरात पाण्याच्या भांड्यांवर, फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं. कोणी काही खायचं नाही. मी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून चकली खात होते, आणि चकली किती वाजते हे अशाच वेळी कळतं. तेवढ्यात उंच ताईचा फोन आला.

“मॅडम, फराळाले या.”

“ग्रहणात फराळ?”

“या ना. आत्ता या.”

“काय झालं?”

“लाडू चांगले झाले.”

“घरातून बोलतेयस का तू?”

“हाव.”

“बाहेर जाऊन सांग.”

“माही सासू दारात बसून राह्यली, जाऊ नाही देत. तुम्ही या. मशीन आना.”

लाडू खायला रक्तदाबाचं मशीन लागत नाही. मी तोंड पुसलं आणि स्कूटी काढली.

त्या रस्त्यावर एरवी दिवाळीच्या दिवसात पोरं फटाके फोडत असतात. त्या दुपारी रस्त्यावर कोणी नव्हतं. शेतात कपाशी फुटून पांढरी झालेली, आणि एकही वेचणारी बाई नाही. गावात शिरले तर दारं लावलेली, खिडक्यांना चादरी. गावात माणसं आहेत हे फक्त दारांमागच्या जपाच्या पुटपुटीवरून कळत होतं. ऊन होतं पण त्याला धग नव्हती, पितळेच्या जुन्या भांड्यासारखं ते काळवंडत चाललं होतं. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या. सवयीने मी त्यांना “अगं, अजून वेळ आहे” म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

उंच ताई कशीबशी सटकून आळीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली उभी होती. आणि तिच्या अंगावर, तिच्या दिवाळीच्या नव्या पातळावर, खाली धुळीत, सगळीकडे पानांमधून पडणारे कवडसे गोल नव्हते. एकूण एक कवडसा विळ्यासारखा वाकडा आणि टोकदार होता. शेकडो विळे वाऱ्यावर हलत होते. ग्रहणात असं होतं, सूर्य कापला गेला की त्याचे कवडसेही तसेच पडतात, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पदर डोक्यावर घेतला.

“काल पूजेले गेलती मी त्यांच्या घरी,” ती भराभर सांगू लागली. “तिची जोडवी बोटात रुतून गेली मॅडम. तोंड असं झालं.” तिने गाल फुगवून दाखवले. “म्हटलं सकाळी गोठ्यात नेऊन इचारू. तर पहाटेच वेध लागले. आता थे भाईर येऊ शकत नाही आन मी आत इचारू शकत नाही. आत्ता सटकल्यावर खिडकीच्या चादरीतून पायलं तर डोक्स धरून बसली.”

“मग मी आत जाऊन विचारते.”

“इचाराल तर मोठी आई दोघीले काढीन. आन दार लावलं तर भाऊबीजेपर्यंत कोणाले उघडीन थे?”

भाऊबीजेपर्यंत. सुजलेली, डोकं धरून बसलेली पहिलटकरीण. मी नर्स होते तेव्हा अशा बाया पाहिल्या होत्या. आत्ता बसलेली असते, आणि बोलता बोलता डोळे फिरवते. मग आई वाचवायची की मूल, असे प्रश्न डॉक्टर नातेवाइकांना न विचारता स्वतःलाच विचारतात.

आम्ही दार वाजवलं. मोठ्या आईने ते बोटभर उघडलं, मग आम्हाला पाहून पुरतं.

“या बाई. गिऱ्हान सुटल्यावर चहा भेटंन.”

“चहाला नाही आले, मोठी आई. सुनेला भेटायला आले.”

“भेटा ना. चांगलं चांगलं बोला.” आणि त्या दाराशी पाटावर माळ घेऊन बसल्या. कडी त्यांच्या हाताशी.

मुलगा टीव्हीपुढे होता. टीव्हीवर सूर्य दाखवत होते, आवाज बंद होता. सून मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कापायचं नाही, शिवायचं नाही, वाकडं निजायचं नाही, असं तिला पहाटेपासून बसवलेलं. चेहरा असा सुजला होता की डोळे आत बुडाले होते. खिडकीवरच्या चादरीला एक भोक होतं आणि त्यातून आलेला एक विळा तिच्या गालावर पडला होता. तिने मान वळवली, तो विळा तिला टोचत असल्यासारखी.

मी मशीन काढलं. मोठी आई बसल्या जागेवरून म्हणाली, “थे काय?”

“दंडाला पट्टा बांधायचा. क्षणभर.”

“बांधाचं काही नाही. गिऱ्हानात बांधलं त पोराच्या दंडाले वळ येते.”

“मोठी आई, अहो...”

“बाई,” त्यांनी हात कडीवर ठेवला, “चांगलं बोला.”

मी मशीन परत ठेवलं. आता नुसतं विचारायचं उरलं होतं, आणि विचारायची सोय नव्हती. पागोळीच्या आत आम्ही सगळे. पागोळीच्या बाहेर ग्रहण. घर कान लावून बसलेलं. तसं बघायला गेलं तर मी शिकलेली बाई आहे, आणि बोलून टाकलं असतं तर घराने माझं काय केलं असतं? काही नाही. पण कडीवर हात होता तो घराचा नव्हता.

सुरुवात उंच ताईने केली. ती सुनेपुढे उकिडवी बसली, स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, डोळे घट्ट मिटले आणि तोंडातून अक्षरही न काढता डावीकडून उजवीकडे डोलली. मग डोळे उघडून भुवया वर केल्या. म्हणजे, असं होतं का?

माझ्या अंगात राक्षसीण जागी झाली. घर ऐकतं, हे मान्य. घर बघतं, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं!

मी पदर खोचला. डोळ्यांपुढे बोटं फडफडवून काजवे काढले. मग आंधळी झाले, हात पुढे करून चाचपडत टीव्हीपर्यंत गेले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला भांडं समजून उचलायचा प्रयत्न केला. मुलगा फिसकन हसला. “आई, पाय ना, मॅडम काय करून राह्यल्या!” मोठ्या आईची माळ थांबली. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. उंच ताईने गाल फुगवले, हातापायांना अदृश्य हवा भरली, फुगून फुगून दाराएवढी झाली. मी बरगडीखाली खंजीर खुपसून घेतला आणि भिंतीवर कोसळले. असा झकास खेळ त्या घरात त्याआधी कधी झाला नसेल. दिवाळीच्या भरजरी साडीत मी, आणि माझ्यासमोर ती उंच बाई, दोघी मुक्या आणि दोघी घामाघूम.

आणि तेव्हा मोठ्या आईचं लक्ष सुनेकडे गेलं.

सून मान हलवत होती. डोकं? हो. काजवे? हो. बरगडीखाली? हो. सावकाश, एकेका नकलेला एकदा, शाळेतल्या पोरीने हजेरी द्यावी तशी. मुलाचं हसू कुठेतरी मधेच थांबलं. त्याने टीव्ही बंद केला. खोलीत अंधार वाढला होता, कोणी दिवा लावला नव्हता.

शेवटची नक्कल मला करायची नव्हती. पण उंच ताई माझ्याकडे बघत राहिली. मी फरशीवर आडवी झाले, दात आवळले, हातपाय ताठ केले आणि झटके दिले. बांगड्या फरशीवर खडखडल्या. मग पडल्या पडल्याच मी सुनेकडे बघितलं.

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग नाही अशी मान हलवली. आणि लगेच, एक बोट वर करून, थांबा अशी खूण केली, जसं काही ते आता येतच आहे.

इथे मी थोडी लबाडी करते आणि पुढचं आधी सांगून टाकते. जीप काढली. मोठी आई मागे बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन, अर्धवट खाल्लेल्या सूर्याच्या समोर, पदराने फक्त तिचं तोंड झाकून. सुनेचं पोट झाकायला पदर पुरला नाही. रस्त्याने बंद दारांच्या फटींतून लोक बघत होते की ग्रहणात हे घर कुठे चाललं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सूर्य कापलेलाच मावळला होता. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि स्वतः सिरिंज भरली. पहिला झटका तिला त्यांच्या टेबलावर आला. घरात येणार होता तो. मग अँब्युलन्स, राजूरचा घाट, बुलढाणा. घाटात मी तिच्या जबड्याखाली हात धरून बसले होते आणि उंच ताई सलाइनची बाटली धरून वाकून उभी होती, छप्पर तिच्या डोक्याला लागत होतं. वळणावर आतले दिवे गेले की मला सुनेचा श्वास ऐकू येईना, आणि दिवे आले की मी आधी तिच्या ओठांकडे बघायचे. बुलढाण्याला पोट कापून मूल काढलं. मुलगी, मुठीएवढी, चिडलेली. पुढचे काही दिवस कोणीच काही सांगत नव्हतं, ना आईचं ना मुलीचं, आणि बाकावर बसलेली मोठी आई कोणालाच काही विचारत नव्हती. मग एका सकाळी सुनेने पाणी मागितलं. दोघी आहेत. भाऊबीजेला आलेला भाऊ बहिणीला नेऊ शकला नाही म्हणून स्वतःच आठवडाभर दवाखान्याच्या बाकावर राहिला.

पण मुलीच्या जन्माआधी एक क्षण मी मागे ठेवलाय. आम्ही फरशीवर होतो. मी आडवी, उंच ताई उकिडवी, मुलगा जीपची किल्ली खिशात चाचपत आईकडे बघत, आणि मोठी आई कडीला हात लावून उभी. बाहेर कुत्र्यांनी रडायला सुरुवात केली होती, एकाने केली की दुसरा करतो तशी. चादरीतला तो विळा आता भिंतीवर गेला होता आणि बारीक होत होता. मोठी आई त्या विळ्याकडे बघत होती. बाहेर काढलं तर ग्रहण. आत ठेवलं तर... आत ठेवलं तर काय, ते या घरात कोणी म्हणू शकत नव्हतं. एकदा कोणी म्हटलं होतं, आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत झालं होतं. त्यांचे ओठ हलत होते. जप नव्हता तो. त्या काहीतरी गिळत होत्या, पुन्हा पुन्हा.

“आत्याबाई,” सून म्हणाली.

दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली होती. आवाज स्वच्छ होता, जरा नवल वाटल्यासारखा.

“आत्याबाई, मले तुमचं तोंड दिसून नाही राह्यलं.”

मुलाने श्वास आत ओढला. उंच ताईने जमिनीला हात लावला. बोललं गेलं होतं. पागोळीच्या आत, भर घरात, घर ऐकत असताना. मी मोठ्या आईकडे बघितलं. वाटलं, आता त्या धावून जाणार आणि सुनेच्या तोंडावर हात ठेवणार. त्या धावल्याही. दोन ढांगांत तिच्यापाशी पोचल्या, गुडघ्यांवर आदळल्या, तिचं सुजलेलं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि स्वतःचं तोंड तिच्या डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. सून तशीच त्यांच्या खांद्यापलीकडे बघत राहिली.

मग मोठ्या आईने वर छताकडे एकदा बघितलं, आणि ज्या घरात पीठसुद्धा संपत नव्हतं त्या घरात, आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या:

“चुलीत गेलं तुमचं गिऱ्हान! गाडी काढ ना बे, पोरगी मरून जाईन ना माही!”